खाणी सुरू झाल्या, भूवैज्ञानिकांचे काय?

मा. मुख्यमंत्री तथा खाणमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

महोदय,

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्यानंतर 'खाण अवलंबित' म्हणून ज्यांची नावे घेतली गेली त्यांत ट्रकमालक होते, बार्जमालक होते, मशीनवाले आणि गॅरेजवाले होते. त्यांना अर्थसाहाय्य मिळाले, कर्जात सवलत मिळाली. मिळायलाच हवी होती. पण याच खाणींवर भूवैज्ञानिक नावाचा एक माणूस असायचा. त्याचे पुढे काय झाले हे कोणी विचारले नाही. मी त्यांच्यापैकीच एक, डिचोलीचा.

आमचे काम बाहेरून दिसत नसे. सकाळी बेंचवर, म्हणजे खाणीत कापलेल्या पायरीवर, जाऊन सॅम्पल घ्यायचे, लॅबमधून लोह, सिलिका, अ‍ॅल्युमिनाचे आकडे आले की चुन्याची रेघ मारायची. रेघेच्या अलीकडचा माल प्लांटवर, पलीकडचा डंपवर, टाकाऊ मातीच्या ढिगावर. रेघ हातभर चुकली की जेटीवर मालाचा भाव पडायचा आणि पहिला फोन आम्हाला यायचा.

सप्टेंबर 2012 मध्ये आपल्याच सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने. एप्रिल 2014 च्या निकालाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली. मग 7 फेब्रुवारी 2018 रोजी 88 लीजांचे (खाणपट्ट्यांच्या करारांचे) नूतनीकरण त्याच न्यायालयाने रद्द केले आणि 16 मार्चपासून पुन्हा सगळे ठप्प. अमेरिकेत तेलाचे भाव पडले की भूवैज्ञानिकांच्या नोकऱ्या गळतात. आमच्या नोकऱ्या न्यायालयाच्या तारखांवर टांगलेल्या. माझ्या ओळखीतले काही जण ओडिशात आणि बळ्ळारीकडे गेले, काही आखातात. एक जण विमा विकतो, आणि मन लावून विकतो.

आता खाणपट्ट्यांचे लिलाव झाले, डिचोलीतून माल पुन्हा निघू लागला. मात्र नोकऱ्या जुन्या रूपात परतलेल्या नाहीत. काही पट्ट्यांची बोली नव्वद टक्क्यांपलीकडे गेली. विक्रीमूल्याचा एवढा वाटा सरकारजमा करायचा म्हटल्यावर कंपनी पगारपत्रकावर माणसे मोजूनमापूनच ठेवणार, हे समजायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. खनिजाचे शोधकामही आता खासगी मान्यताप्राप्त संस्थांना खुले झाले आहे. म्हणजे काम आहे, पण ते एका अहवालापुरते, एका ड्रिलिंग हंगामापुरते. नव्याने एमएस्सी झालेल्या मुलामुलींना 'प्रोजेक्ट संपेपर्यंत' या बोलीवर घेतात. यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा आहेच, पण ती सगळ्या देशाची. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचे ध्रुवीय संशोधन केंद्र आपल्या अंगणात असले तरी तिथली भरतीही देशभरातून होते.

खरे सांगायचे तर खाणींतल्या नोकऱ्या परत द्या, असे मी म्हणतच नाही. खाणी उद्या पुन्हा बंद पडतील. माझे म्हणणे असे की गोव्याला भूवैज्ञानिक लागतो तो खनिजापेक्षा डोंगरासाठी आणि पाण्यासाठी, आणि नेमका तिथेच तो ठेवलेला नाही.

आपला डोंगर कसा असतो ते पाहा. वर जांभ्याचे टणक कवच, ज्यातून आपण चिरे काढतो. खाली पांढरट-पिवळी चिकणमाती. पावसाचे पाणी कवचाच्या भेगांतून उतरते आणि त्या मातीपाशी अडते. माती ओल्या साबणासारखी होते. पायथा उभा कापला की ही माती उघडी पडते, आणि वरचे कवच स्वतःच्याच वजनाने खाली येते. हे सांगायला उपग्रह लागत नाही, डोंगर कापण्याआधी कोणी जाऊन चार ठिकाणी बोअर घेऊन पाहावे लागते. नगरनियोजन कायद्याच्या कलम 17अ प्रमाणे डोंगर कापायला परवानगी लागते. त्या फायलीत नकाशा असतो, उतार असतो. आत काय दडले आहे याबद्दल भूवैज्ञानिकाची सही सक्तीची का नाही?

पेडण्याच्या बोगद्याची भिंत ऑगस्ट 2020 मध्ये ढासळली, जुलै 2024 मध्ये पेडण्याकडच्या बोगद्यात पाणी घुसून कोकण रेल्वे अडली. जुलै 2021 मध्ये दूधसागरजवळ दरडीमुळे डबे रुळावरून घसरले. प्रत्येक वेळी तज्ज्ञांना बोलावणे जाते, माती उपसल्यावर.

पाण्याचेही तेच. भूजल नियमन कायदा 2002 चा आहे. पण बोअरवेल कुठे मारायची हे अजून नारळ हातावर धरून ठरते. (नारळवाल्याचा दर माझ्यापेक्षा जास्त आहे, तो भाग वेगळा.) बंद खाणींचे खड्डे पाण्याने भरलेले आहेत. ते उपसले की शेजारच्या गावातल्या विहिरीचे काय होते, याची नोंद ठेवणारा माणूस खाणकंपनीचा नको, सरकारचा हवा.

म्हणून मागणी अशी. नगरनियोजन, जलस्रोत आणि आपत्ती व्यवस्थापन या तीन ठिकाणी कायम भूवैज्ञानिकांची पदे निर्माण करा, निदान तालुक्यांच्या गटाला एक. सुरुवातीचा खर्च जिल्हा खनिज निधीतून (खाणबाधित भागासाठी खाणकंपन्या भरतात त्यातून) करता येतो का ते तपासा; पाणी, पर्यावरण आणि कौशल्यविकास ही त्या निधीची ठरलेलीच कामे आहेत. आणि खाण खात्याकडून एकदा मोजदाद करून घ्या: गोव्यात किती भूवैज्ञानिक शिकून बाहेर पडले, किती जण त्याच कामात आहेत, किती कंत्राटी आणि किती बाहेर गेले. अमेरिकेत तिथली भूविज्ञान संस्था असे अहवाल नियमित काढते. आपले राज्य दोन जिल्ह्यांवरून आता कुठे तीनांवर आले आहे, मोजायला वेळ लागणार नाही.

येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात या पदांबाबत काय ठरले, ते जाहीर करावे ही विनंती.

आपला,
एक भूवैज्ञानिक, डिचोली