पाय जमिनीवरून उचलू नकोस

ले मॉर्न, मॉरिशस
२ फेब्रुवारी

चि. जुई,
अनेक आशीर्वाद.

गॅदरिंगमध्ये सेगा, म्हणजे इथल्या गुलामांचा नाच, करणार म्हणून तू आईकडे घेरदार घागरा मागितलास. तो पाठवतोय. सोबत हे पत्रही नीट वाच.

माझे पणजोबा गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, इथे आले, त्याचा कागद मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत आहे. त्यांचं नाव, वडिलांचं नाव, जिल्हा रत्नागिरी. गणपतीत झाकरी हा आपला मराठी नाच नाचताना आपण कुणाचे, हे मला पक्कं ठाऊक असतं. तुझ्या आईच्या पूर्वजांचा असा कागद नाही. मोझांबिक, मादागास्करहून धरून आणलेल्या त्या माणसांच्या नोंदीत बहुतेकदा एकच नाव असे, तेही मालकानं ठेवलेलं. १८३५ मध्ये गुलामी उठली, तेव्हा भरपाईचे वीस लाखांहून जास्त पौंड मालकांना मिळाले. राबणाऱ्यांना छदामही नाही.

त्याआधी हे बेट फ्रेंचांकडे होतं; त्यांचा १७२३ चा कायदा सांगे की वेगवेगळ्या मालकांच्या गुलामांनी दिवसा वा रात्री एकत्र जमायचं नाही. पळालेला दुसऱ्यांदा सापडला, तर त्याची गुडघ्यामागची शीर कापायची. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तरीही ती माणसं जमत होती. जाळावर रावानचं, म्हणजे सेग्याच्या डफासारख्या वाद्याचं, बकऱ्याचं कातडं तापवत आणि नाचत. ज्या पायांची शीर कापायची धमकी होती, त्याच पायांनी, जुई.

म्हणून सेग्यात पाऊल उचलत नाहीत, घासत नेतात. बेड्यांमुळे तशी चाल पडली असं जुनी माणसं सांगतात. हॉटेलांत पाहुण्यांपुढे उड्या-गिरक्यांचा सेगा चालतो, तो तू करू नकोस. ग्रांमेर, तुझी आजी, गुडघे मुडपत, हात पसरून हळूहळू जमिनीपर्यंत जायची, तसा कर. तिच्या आईनं तिला तसंच शिकवलं होतं, आणि तिला तिच्या आईनं. त्यापलीकडची नावं आपल्याकडे नाहीत, चाल आहे.

काल १ फेब्रुवारी, गुलामी उठल्याचा दिवस. आई आणि मी डोंगराच्या पायथ्याशी फुलं ठेवून आलो. आई बराच वेळ बोलली नाही, मग वाळूत एकटीच चार पावलं नाचली.

तिथे रावान मिळणार नाही. डफ घ्या, पण वाजवण्याआधी जाळावर शेकून घ्या. दादरा येणाऱ्या कुणालाही हा सहाचा ठेका धरता येईल. आणि चपला काढून नाच.

तुझे,
बाबा