डबा उघडलाय, पण नाणी घासू नका

ती. आई आणि ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

माळ्यावरच्या ट्रंकेतून पणजोबांचा नाण्यांचा पितळी डबा निघाला, हे काल फोनवर कळलं. दिवाळीची भांडी घासायला काढाल तेव्हा त्यांच्याबरोबर ही नाणीही चिंचेच्या कोळात जातील, म्हणून घाईनं लिहितेय. आई, काळवंडलेलं तांबं तुला बघवत नाही, मला माहीत आहे. पण या डब्याला चिंच, लिंबू, राख, सोडा, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नकोस. फडक्यानं नुसती पुसूसुद्धा नकोस.

चांदीवरचा काळेपणा हा मळ नव्हे. हवेतल्या गंधकामुळे वर्षानुवर्षं बसत गेलेला तो पातळ थर आहे. घासलं की तो निघतो आणि त्याच्यासोबत छाप मारताना आलेली मूळ झळाळीही जाते. भिंगाखाली मग केसासारखे बारीक ओरखडे दिसतात. नाणं पुढे पुन्हा काळं पडलं तरी ओरखडे राहतातच, आणि घेणारा ते पाहूनच भाव पाडतो. तांब्याच्या शिवराईचं, म्हणजे मराठेशाहीतल्या नाण्याचं, तर याहून वाईट होतं. तिची अक्षरं आधीच झिजलेली असतात, त्या तपकिरी थरामुळेच ती वाचता येतात. आंबटानं थर उतरला की हाती नुसता गुलाबी तुकडा उरतो.

बाबा, तुम्ही विचारलंत की पणजोबांनी हे रुपये तेव्हा सरकारात का भरले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात लोक चांदीचे रुपये दडवू लागले. सरकारनं १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली आणि एक रुपयाची नोट काढली. मग १९४१ ते १९४३ या काळात आधी व्हिक्टोरियाचे, नंतर एडवर्डचे, शेवटी जॉर्जचे जुने रुपये चलनातून बाद केले. ज्यांचा कागदावर भरवसा नव्हता त्यांनी ते भरलेच नाहीत. मडक्यात, कोनाड्यात, माळ्यावर ठेवून दिले. त्यामुळेच जुन्या घरांतून हे रुपये अजून निघतात, आणि त्यामुळेच त्यातले बहुतेक दुर्मीळ नसतात. डब्यातल्या बऱ्याचशा रुपयांना चांदीच्या भावाहून थोडंसंच जास्त मिळेल, हे आधीच सांगून ठेवते. तरीही ते वितळवायला देऊ नका. गेलेला रुपया परत येत नाही, आणि त्यात नेमकं एखादं वेगळं साल असू शकतं.

आता क्रम सांगते. डबा ओतायचा नाही. आधी आहे तसाच, झाकण उघडून, वरून त्याचा फोटो काढा. आत पुरचुंडी, चिठ्ठी, बाजारपेठेतली पावती, काहीही असेल तर ते ज्या नाण्यांबरोबर आहे त्यांच्याबरोबरच राहू दे. पणजोबांच्या अक्षरातली एक ओळ असली तरी ही नाणी कुठून आली त्याचा तो पुरावा आहे. मग टेबलावर जाड पंचा अंथरा, हात साबणानं धुऊन कोरडे करा, आणि नाणं दोन बोटांनी फक्त कडेला धरा. चपट्या बाजूला बोट लागलं तर घामातलं मीठ तिथं राहतं आणि काही महिन्यांनी बोटाचा ठसा काळा उमटतो. रबरबँड असतील तर काढून टाका. रबरातल्या गंधकानं चांदीवर काळा पट्टा पडतो.

सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. ब्रिटिश रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. अधेली (आठ आणे) ५.८३, पावली (चार आणे) २.९२, चवली (दोन आणे) १.४६. वापरून झिजलेला रुपया ११.४ भरला तर काळजी नको, पण साडेदहा किंवा साडेबारा भरला तर तो बाजूला ठेवा. नुसत्या वजनावर मात्र जाऊ नका. १९४० पासूनचा अर्ध्या चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा आहे. त्याची ओळख कडेवर आहे. आधीच्या रुपयाच्या कडेला सरळ उभ्या रेघा असतात, नंतरच्यात त्या रेघांच्या मधून एक खोलगट पट्टी फिरते. नाणं कडेवर उभं धरून खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवलं की चष्म्याशिवायही दिसेल. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदी चिकटत नाही. चुंबक नाण्यावर घासायचा नाही, शेजारी आणून बघायचं.

वेगळं काढायचं ते म्हणजे सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया. तो खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याचे खोटे नमुने भरपूर आहेत. १९३८ च्या रुपयावर आकडा बदलूनही तो बनवतात, त्यामुळे शेवटचा ९ भिंगाखाली नीट बघा. भोवतीची पातळी खरवडल्यासारखी दिसते का, आकड्याची जाडी शेजारच्या ३ शी जुळते का? पंचम जॉर्जचा १९११ चा रुपयाही वेगळा ठेवा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून पुढच्या वर्षी चित्र बदललं. व्हिक्टोरियाच्या १८६२ च्या रुपयावर मात्र साल बघून भुलू नका. तेच साल ठेवून तो पुढे कितीतरी वर्षं पाडला जात होता.

शिवराया असतील तर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति' अशी अक्षरं दिसतील. ही अक्षरं महाराजांनंतरही दीर्घकाळ चालू राहिली, त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळची नसते. मधून दोन समांतर रेघा गेलेली दुदांडी तर पेशवाईतली, आणि ती आपल्याकडे सांगली-साताऱ्यात ढिगानं सापडते. ती फार महाग नाही, पण हातात घेऊन बघण्यासारखी आहे. तशाच अक्षरांचं, पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचं सोन्याचं बारीक नाणं दिसलं तर कुणालाही दाखवण्याआधी मला फोन करा. शिवराई होन म्हणून सांगितले जाणारे बहुतेक तुकडे नकली असतात. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि हनुमान किंवा रामदरबार असं तांब्याचं नाणं निघालं, तर ते कंपनीनं पाडलेलंच नाही. 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून लाखो रुपयांची फसवणूक होते ती अशाच तुकड्यांवर.

आई, देवघरातल्या रुपयांबद्दल. लक्ष्मीपूजनाला पंचामृत आणि हळद-कुंकू वाहतेस ते नाणं डब्यातलं नको, त्यासाठी एकच ठरलेलं ठेव. दह्याचं आंबट तांब्याला खातं, आणि कुंकू अक्षरांच्या खाचांत बसलं की निघत नाही. गळ्यातल्या माळेसाठी ज्यांना कडी डाखली आहे ती नाणी तशीच राहू देत. डाख काढायला गेलं की कड खराब होते आणि भाव आणखी पडतो.

साठवणीचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. सांगलीच्या गावभागात कृष्णेचं पाणी २०१९ ला आलं, २०२१ लाही आलं, आणि पावसाळ्यात भिंतींना ओल असतेच. तांब्याच्या नाण्यावर दोन प्रकारचं हिरवं दिसेल. गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेलं हिरवं निरुपद्रवी आहे. फिकट, खडूच्या भुकटीसारखं, लाकडी काडीच्या टोकानं सहज उडणारं हिरवं मात्र रोग आहे. क्षार आणि ओल मिळून ते धातू आतून खात जातं. असं नाणं लगेच वेगळं काढा, पाणी लावू नका, सिलिका जेलसोबत हवाबंद काचेच्या बरणीत ठेवा. नारिंगी जेल घ्या, ओल धरली की ते हिरवं होतं. मग ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा नारिंगी होतं. स्वयंपाकाच्या भांड्यात ते तापवू नका.

नाण्यांच्या दुकानात मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकचे अल्बम स्वस्त मिळतात, ते घेऊ नका. त्यातल्या पीव्हीसीतून वर्षभरात चिकट हिरवट स्राव नाण्यावर येतो. मायलर नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घ्या. मायलर बोटांत कुरकुरतं, मऊ वाकत नाही. पिना ठोकल्या की पक्कडीनं सपाट करा, नाहीतर वरच्या नाण्याला ओरखडा जातो. प्रत्येक होल्डरवर आधी पेन्सिलनं क्रमांक घालायचा, मग नाणं भरायचं. तोच क्रमांक वहीत, आणि पुढे साल, राजा, वजन, टांकसाळ, कुठल्या पुरचुंडीतलं, दोन्ही बाजूंचा फोटो. फ्लॅश नको, दिवसाच्या उजेडात, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून.

बँकेत लॉकर घेणार असाल तर वरच्या मजल्यावरचा बघा. चोरी, आग, इमारत पडणं किंवा कर्मचाऱ्याचा गैरव्यवहार झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत ती नसते. सांगलीत हे लक्षात ठेवायलाच हवं.

विकायची घाई नको, आणि एकाच माणसाच्या शब्दावर टाकूनही देऊ नका. अमेरिकेत १९१३ च्या लिबर्टी निकेल या पाच सेंटच्या नाण्याचे फक्त पाचच नग आहेत. त्यातलं एक ज्यांच्याकडे होतं ते जॉर्ज वॉल्टन १९६२ मध्ये मोटार अपघातात गेले. नाणं खोटं आहे असं घरच्यांना सांगण्यात आलं, आणि ते कपाटात पाकिटात पडून राहिलं. २००३ मध्ये तज्ज्ञांनी उरलेल्या चारांशी ते ताडून पाहिलं आणि खरं ठरवलं. २०१३ मध्ये ते ३१ लाख डॉलरच्या पुढे विकलं गेलं. आपल्या डब्यात असं काही असेल असं मी म्हणत नाही. घरच्यांनी ते फेकलं नाही, एवढंच मला त्यात मोलाचं वाटतं. दोन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवा, नाणं नजरेआड होऊ देऊ नका, आणि नुसता फोटो बघून भाव सांगणाऱ्यावर विसंबू नका.

वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात, अशा जाहिराती मोबाईलवर येतील. 'आधी नोंदणी शुल्क भरा' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपण कुणाकडूनही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेनंच २०२१ मध्ये दिला होता.

बाबा, मागच्या सोप्याची भिंत पावसाळ्यानंतर उतरवणार आहात ना? ट्रंकेतला डबा घरचा आहे, त्याचा प्रश्न नाही. पण जमिनीतून किंवा भिंतीतून नाणी निघाली तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही निघालं तर काय, कुठे आणि कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हक्क जातो आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गवंड्यांनाही हे आधी सांगून ठेवा, आणि काही दिसलं तर काम तिथंच थांबवून जागेचा फोटो काढा. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठवायलाही बंदी आहे, तेव्हा दुबईहून कुणी मागितली तर सरळ नाही म्हणा.

काटा आणि होल्डर मी इथून कुरिअरनं पाठवतेय. डबा तोवर झाकण लावून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवा, कापराजवळ नको.

तुमची,
लेक