ब्लेडच्या तळ्याकाठचे बाक मोजणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. आई-बाबा म्युनिकला बहिणीकडे राहून, स्लोव्हेनियातलं ब्लेड बघून सुखरूप घरी आले. आई अजून रोज त्या तळ्याबद्दल बोलते, आणि तळ्याच्या आधी तुमच्याबद्दल.

तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्या टूरवाल्यांनी स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानाला मुक्काम, तिथून खासगी टॅक्सीने ब्लेड, किल्ल्याचं तिकीट आणि तळ्याकाठी जेवण असा बेत पुढे केला. आकडा ऐकून बाबा गप्पच झाले. स्वस्तातलं काही विचारलं, तर एका कागदावर "ब्लेड स्टेशन" एवढं लिहून दिलं. आईच्या गुडघ्यांचं विचारलं, तर "सगळं सपाट आहे, काळजी करू नका." साठी उलटलेल्या दोन माणसांना असं वाऱ्यावर सोडायचं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ब्लेडच्या नावाची दोन स्टेशनं आहेत, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. ब्लेड येझेरो तळ्याच्या पश्चिमेला, वरच्या अंगाला आहे. त्यासाठी येसेनित्सेला गाडी बदलावी लागते आणि मग बॅगा घेऊन उतार उतरावा लागतो. लेस्त्से-ब्लेड मुख्य मार्गावर आहे. तळ्यापासून चार किलोमीटर दूर, पण तिथून बस मिळते. म्युनिक-ल्युब्लियाना गाडी तिथेच थांबते, म्हणजे ल्युब्लियानापर्यंत जाऊन उलटं यायचं कारणच नाही. "ऑस्ट्रियातलं फिलाख गेलं की आठ किलोमीटरचा बोगदा लागेल. तो संपला की येसेनित्से, तिथे उतरू नका, पण बॅगा खाली काढून दाराशी या. पुढचा थांबा तुमचा." बाबा आजही ही वाक्यं पाठ म्हणून दाखवतात.

मुक्काम तळ्याकाठी न घेता जवळच्या रादोव्ल्यित्सा गावात, स्वयंपाकघर असलेल्या खोलीत घ्यायला सांगितलंत. खर्च तिथेच निम्म्यावर आला. खोलीच्या भाड्याशिवाय माणशी, दर रात्रीचा पर्यटन कर वेगळा भरावा लागतो, हेही आधीच सांगून ठेवलंत. सगळ्यात कामाला आलं ते शनिवारचं. स्लोव्हेनियात 2020 च्या कायद्यापासून बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. ज्याला हे ठाऊक नसतं त्याला रविवारी उपाहारगृहात जाण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि त्या दिवशी बसही कमी. आईने शनिवारीच मर्काटोर या सुपरमार्केटमधून पाव, दही, टोमॅटो आणि स्कुता घेऊन ठेवलं. स्कुता आपल्या चक्क्यासारखंच असतं, त्यात मीठ-मिरची घातली की पावाला लावायला झकास. बाटलीचं पाणी विकत घेऊ नका, नळाचं बिनधास्त प्या, म्हणालात. कुटूच्या पिठापासून करतात त्या झगांत्सीवर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे पेरलेले असतात, तेव्हा मागवण्याआधी विचारा, आणि क्रेमश्निट या तिथल्या क्रीमच्या केकमध्ये अंडं असतं, हे न विसरता सांगितलंत. आईला अंडं चालत नाही. बाबांनी एकट्याने तो सात सेंटिमीटरचा चौकोन संपवला. 1953 पासून तिथल्या पार्क हॉटेलात तो तसाच बनतो म्हणे.

पण ताई, पत्र लिहायला बसलो ते तुम्ही हाताने काढून दिलेल्या तळ्याच्या नकाशासाठी.

रेघांच्या वहीचं पान, निळं पेन. मधोमध तळं, भोवती सहा किलोमीटरची वाट, आणि वाटेवर छोट्या छोट्या खुर्च्या काढलेल्या. प्रत्येक खुर्चीपाशी देवनागरीत, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात दोन शब्द: "सावली आहे", "पाठ टेकता येते", "इथे टेकू नका, ओलं असतं." तळ्याच्या पश्चिम टोकाच्या वेलिका झाकाच्या पुढे, तळ्यातलं बेट अगदी समोर दिसतं तिथे: "काकूंना इथे निवांत बसवा. बेटावर नाही गेलात तरी चालेल, वर 99 पायऱ्या आहेत." बेटावर नेणारी प्लेत्ना होडी माणसं भरल्याशिवाय सुटत नाही, बेटावर जेमतेम पाऊण तास मिळतो आणि चर्चचं तिकीट वेगळं, हेही शेजारी बारीक अक्षरात. काठाकाठाने पाण्यावर बांधलेल्या लाकडी वाटेपाशी "कठडा धरा". काठावरच्या म्लिनो वस्तीपाशी "दमलात तर पुढे चालू नका, बस बघा".

बाबांसाठी वेगळा बाण होता. ओयस्त्रित्सा टेकडी 611 मीटर, तळं 475 वर, म्हणजे चढ साधारण 135 मीटरचा. किल्ल्याच्या तिकिटाचे पैसे वाचतात आणि बेट वरून दिसतं. त्याखाली दोनदा अधोरेखित: "पुढच्या माला ओसोयनित्साला जाऊ नये. लोखंडी जिना आहे, पाऊस पडून गेला असेल तर उतरताना पाय घसरतो." बाबा गेले नाहीत. ते कुणाचं ऐकतात असं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

हे बाक बघायला तुम्ही तुमच्या सुट्टीच्या दिवशी ल्युब्लियानाहून मुद्दाम गेला होतात आणि प्रत्येकावर स्वतः बसून पाहिलंत, हे बहिणीने नंतर सांगितलं. तुम्ही चकार शब्द काढला नव्हता. ना नात्यातल्या, ना गावातल्या. ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळालेला, तेवढंच. परमुलुखात आपली माणसं भेटतात असं म्हणतात, पण म्हातारं माणूस कुठे दमेल हे आधी जाऊन बघणारं माणूस घरातसुद्धा विरळाच. पैसे घेऊन "काळजी करू नका" म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय, काळजी कुणीतरी करावीच लागते. आमच्या बाबतीत ती तुम्ही केलीत.

आईने मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी बहिणीकडे पाठवली आहे. दूध-दुभत्याचं त्यात काही नाही, तेव्हा वाटेत अडायला नको. बहीण ते तुम्हाला पोस्टाने पाठवील. नको म्हणू नका.

तुमचा,
काका-काकूंचा मुलगा