वेठ १७८१ मध्ये संपली नव्हती

माननीय संपादक,

प्रबुद्ध निरंकुश राजांवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात ‘ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफने १७८१ मध्ये भूदासप्रथा रद्द केली’ असे म्हटले आहे. भूदासप्रथा म्हणजे कुळाला जमीनदाराशी बांधून ठेवणारी पद्धत. ती १७८१ मध्ये गेली हे अर्धेच खरे आहे.

१ नोव्हेंबर १७८१ च्या फर्मानामुळे बोहेमिया, मोराव्हिया आणि सायलेशिया या ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या प्रांतांतल्या कुळाला जमीनदाराला नुसते कळवून लग्न करता येऊ लागले, गाव सोडता येऊ लागले, मुलांना हवा तो धंदा शिकवता येऊ लागला. वाड्यावरची सक्तीची चाकरीही गेली, अनाथ मुलांची तेवढी राहिली. शेतावरची वेठ मात्र कायम होती. जोसेफची आई मारिया थेरेसा हिच्या १७७५ च्या नियमानुसार मोठ्या कुळाला ती आठवड्याला तीन दिवस, तीही जनावरांसकट, द्यावी लागे.

ही वेठ तोडण्याचा खरा प्रयत्न झाला तो १७८५ च्या जमीनमोजणीनंतर. जमीनदार सरदाराची जमीन आणि कुळाची जमीन करासाठी एकाच मापाने मोजली गेली. इथेच सरदार बिथरले. १० फेब्रुवारी १७८९ च्या फर्मानाचा हिशेब असा (एक गुल्डन म्हणजे ६० क्रॉयत्सर) : शंभर गुल्डनच्या उत्पन्नातले ७० कुळाचे, १२ गुल्डन १३ क्रॉयत्सर सरकारचे आणि सुमारे १७ गुल्डन ४७ क्रॉयत्सर जमीनदाराचे. वेठ आणि इतर देण्यांचा मोबदला जमीनदाराच्या या वाट्यातच आला.

कागदावर छान. पण हे शंभर म्हणजे ढोबळ उत्पन्न. बियाणे वजा केलेलेच नाही. जिथे पेरल्याच्या चौपट पिकते तिथे पंचवीस बियाण्यातच जातात. शिवाय देणे रोख. बाजार लांब असेल तर कुळाने नाणे आणायचे कुठून? जमीनदाराची अडचण उलटी : फुकटचे हात गेले आणि मजुरीला रोकड नाही. वर्षाला दोन गुल्डनपेक्षा कमी शेतसारा भरणारी कुळे तर या सवलतीतून बाहेरच होती. त्यांनी ‘वेठ गेली’ एवढेच ऐकले आणि ठिकठिकाणी कामाला जायचे नाकारले.

अंमल १ नोव्हेंबर १७८९ पासून व्हायचा होता. त्यात तुर्कांशी युद्ध चालू, बेल्जियम पेटलेले, हंगेरी खदखदत असलेली. २० फेब्रुवारी १७९० रोजी जोसेफ वारला आणि भाऊ लिओपोल्डने मे महिन्यातच हे फर्मान मागे घेतले. वैयक्तिक स्वातंत्र्याचे १७८१ चे फर्मान तेवढे टिकले.

वेठ अखेर गेली १८४८ च्या क्रांतीत. दुरुस्ती छापताना हेही साल द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर