मशीनवर बरा झालो असं सांगत फिरलो, ते दुरुस्त करतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी रावेर तालुक्यात केळी कापणी टोळीचा मुकादम आहे. टोळीत १४ गडी. त्यांना आणि गावातल्या बऱ्याच जणांना मी वर्षभरापूर्वी एक गोष्ट छातीठोकपणे सांगितली होती : कंबर ओढणाऱ्या मशीनवर माझी कंबरदुखी बरी झाली. ती अर्धीच खरी होती, हे मला उशिरा कळलं. तोंडी पसरलेली गोष्ट घरोघरी जाऊन मागे घेता येत नाही, म्हणून आपल्या वृत्तपत्राचा आधार घेतो.

मागच्या वर्षीच्या पोळ्याच्या सुमारास माझी कंबर धरली. दोन दिवसांत कळ उजव्या कुल्ल्यातून पोटरीत आणि तिथून थेट अंगठ्यापर्यंत उतरायला लागली. खोकलो तरी पायातून वीज जायची. आमच्या कामात हे नवं नाही. पूर्वी बसराई जातीच्या केळीचा घड हलका असायचा. आता टिश्यू कल्चरच्या ग्रँड नैन जातीचा घड २५ किलोच्या पुढे सहज जातो. ओल्या बागेत ठिबकच्या नळ्या चुकवत, पाय रुतत असताना तो खांद्यावरून गाडीपर्यंत आणायचा आणि डाग पडू नये म्हणून वाकून अलगद ठेवायचा. हातात वजन घेऊन पुढे वाकलं की मणक्यांमधल्या गादीवर फार मोठा दाब येतो, आणि आमचे गडी दिवसभर तेच करतात.

जळगावला एमआरआय काढला. एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी बाहेर आलेली, नस दबलेली. आपल्याकडे याला ‘गॅप पडला’ म्हणतात. हा शब्द ऐकला की माणूस खचतो, कारण त्याच्या पाठोपाठ ऑपरेशन हा शब्द येणार असं प्रत्येकाला वाटतं. त्याच आठवड्यात एका क्लिनिकचं पत्रक हाती आलं : ऑपरेशनशिवाय, २० सिटिंगमध्ये गॅप बरा. मी ३२,००० रुपये आगाऊ भरले.

या उपचाराला स्पायनल डिकम्प्रेशन म्हणतात. टेबलावर उताणं झोपवून छातीला एक आणि कमरेला एक पट्टा आवळतात. टेबलाचा खालचा भाग सरकता असतो. मोटर कंबर हळूहळू ओढते, थोडा वेळ ताणून धरते, सैल सोडते, पुन्हा ओढते. किती किलोची ओढ चालू आहे ते पडद्यावर दिसतं. अर्धा तास हे चालतं, नंतर शेक देतात. ताणामुळे मणक्यांमधला दाब उतरतो आणि बाहेर आलेली गादी आत ओढली जाते, असं मला समजावलं. टेबलावर असताना बरं वाटायचं, ते मी नाकारत नाही. भुसावळमार्गे एसटीने घरी येईपर्यंत पुन्हा ठणका लागायचा. तरी २० च्या २० खेपा केल्या. सातव्या आठवड्यात पाय मोकळा झाला. क्लिनिकवाल्यांनी मोबाइलवर माझा व्हिडिओ घेतला. त्यात मी हात जोडून म्हणतो, “कंबरदुखी असेल त्यांनी इथेच या.”

माझं ऐकून टोळीतले दोघे तिथे गेले. दोघांचे पैसे मी उचल म्हणून दिले, म्हणजे ते त्यांच्या पुढच्या हंगामाच्या मजुरीतून कापले जाणार. एकाला २० सिटिंगनंतर काहीच फरक पडला नाही. दुसरा सातपुड्याच्या पायथ्याचा पोरगा, घरात दोन लहान लेकरं. सहाव्या-सातव्या खेपेनंतर तो मला म्हणाला, “नाना, उजव्या पायात चप्पल टिकत नाही, चालता चालता गळून पडते.” क्लिनिकमध्ये सांगितलं तर तिथे म्हणाले, कोर्स पूर्ण होऊ द्या. मीही त्याला तेच म्हणालो. आणखी नऊ दिवस त्याने पट्टे आवळून घेतले. शेवटी जळगावच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी त्याला पंजा वर उचलायला सांगितलं. तो उचलता येईना. ऑपरेशन झालं, कळ गेली, पण पंजात अजून पुरती ताकद आलेली नाही. ते नऊ दिवस मला झोपेत आठवतात.

माझी पुतणी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “काका, तुम्ही बरे झालात हे खरं. पण मशीनवर गेलाच नसतात तर काय झालं असतं, ते तुम्हाला कसं कळणार?” गादी सरकून पायात उतरलेली कळ बहुतेकांची ६ ते १२ आठवड्यांत आपोआप कमी होते आणि बाहेर आलेला भाग पुष्कळदा शरीरच जिरवतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझे सात आठवडे नेमके त्यातच बसतात. पन्नाशीच्या, अजिबात कंबर न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तरी १०० पैकी साधारण ६० जणांत गादी फुगलेली दिसते, हेही तिनेच सांगितलं. म्हणजे रिपोर्टवरच्या शब्दाला घाबरून पैसे भरायला धावण्याचं कारण नव्हतं.

कंबर ओढण्याचे उपचार, म्हणजे ट्रॅक्शन, जुनेच आहेत, वजनं टांगून ते आधीपासून करतात. २०१३ मध्ये वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने अशा ३२ चाचण्या, मिळून २,७६२ रुग्ण, एकत्र तपासले. दुखणं कमी होण्यात किंवा कामावर परतण्यात ओढण्यामुळे फरक पडत नाही किंवा नगण्य पडतो, असा निष्कर्ष निघाला. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शनात २०१६ पासून कंबरदुखीला ट्रॅक्शन देऊ नये असं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी तेच सांगितलं. मला लावलं तशा संगणकावर चालणाऱ्या टेबलांबद्दल काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसला आहे, पण ३२,००० रुपये आगाऊ घेऊन खात्री द्यावी एवढा भक्कम पुरावा त्यात नाही. दुखणं सोसवेल तितकं हिंडतं-फिरतं राहणं, शिकून घेतलेले व्यायाम, गरजेपुरत्या गोळ्या आणि धीर, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

मशीन लावणारा प्रत्येक जण फसवतो असं मी म्हणत नाही. पण पैसे एका वेळच्या सिटिंगचे घ्यावेत. दुखणं आपोआपही कमी होऊ शकतं हे आधी लिहून द्यावं. पंजा उचलता येत नसेल, लघवी अडकली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, तर टेबलावर न घेता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावं. ठिसूळ हाडांच्या म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायांना, मणक्यात स्क्रू बसवलेल्यांना हे ताणणं चालत नाही. मला यातलं एकही विचारलं नव्हतं. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायची आहे. अशा मशीनच्या ठिकाणीही ती दिसली पाहिजे. आणि ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातले ठरलेले दिवस फिजिओथेरपिस्ट बसला, तर एका व्यायामासाठी मजुराचा रोज बुडून जळगावची खेप पडणार नाही.

दोघांच्या उचलीचे पैसे मी माफ केले आहेत. तो पोरगा आता घड वाहत नाही, काट्यावर बसून वजनं लिहितो. टोळीत आता घड गाडीत चढवताना दोघांनी धरायचा, असा नियम केला आहे. काम थोडं लांबतं, शेतकरी कुरकुरतात, पण मी ऐकत नाही.

व्हिडिओ काढून टाका असं मी क्लिनिकला दोनदा सांगितलं. तो अजून व्हॉट्सॲपवर फिरतोय. पांढरा सदरा, गळ्यात भगवा रुमाल, मागे निळी भिंत, तो मीच. ज्यांच्याकडे तो येईल त्यांनी त्याच्याखाली हे पत्रही पाठवावं, ही विनंती.

आपला,
एक केळी कापणी मुकादम
ता. रावेर, जि. जळगाव