कोल्हापूरला का येत नाही

ती. बाबा आणि प्रिय आई,
सा. नमस्कार.

बाबा, तुमचं पत्र आणि सोबतचं कात्रण मिळालं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, सांगलीची प्रकरणं आता तिथंच चालणार, मग वकिलीसाठी मुंबईत एवढं भाडं भरून राहायचं कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. फोनवर उत्तर द्यायला लागले की तुम्ही फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहायला बसले.

बेंच आलं याचा मलाही आनंद आहे. तारखेसाठी महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून आलेली आपल्याकडची माणसं मी कोर्टाच्या व्हरांड्यात नेहमी बघायचे. पुढची तारीख घेऊन ती संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. पण माझं काम त्या बेंचवर येणारं नाही. सांगलीच्या कोर्टानं निकाल दिला की त्यावरचं अपील किंवा सरकारविरुद्धची रिट याचिका कोल्हापूरला जाईल. मी ज्या बाजूला काम करते तिला ओरिजिनल साइड म्हणतात. तिथं मोठ्या रकमेचे दावे अपिलातून येत नाहीत, थेट हायकोर्टातच दाखल होतात, आणि ही सोय १८६२ पासून मुंबई शहरापुरती आहे. शिवाय कंपन्यांच्या दिवाळखोरीचं न्यायाधिकरण एनसीएलटी इथं, शेअर बाजारावर नजर ठेवणारी सेबी इथं, सेबीच्या आदेशांवरचं अपील ऐकणारं न्यायाधिकरण इथं, रिझर्व्ह बँक तर कोर्टापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पैशांची भांडणं जिथं होतात तिथंच त्यांचे वकील बसतात.

आई, तू मागच्या वेळी विचारलंस, ‘एवढ्या कोटींची केस, त्यातले तुला किती?’ काहीच नाही गं. निकालातला हिस्सा फी म्हणून ठरवायला वकिलाला बंदी आहे. हरलो काय, जिंकलो काय, सॉलिसिटरकडून, म्हणजे अशिलाचं काम बघून केस तयार करणाऱ्या वकिलाकडून, केसचे कागद (ब्रीफ) येतात तेव्हा जी फी ठरली तीच, आणि तीही कधी मिळेल ते सॉलिसिटर जाणे. दारावर मोठा बोर्ड लाव, पेपरात जाहिरात दे, हे मामाचं म्हणणंही जमणारं नाही, जाहिरातीलाही बंदी आहे. सुरुवातीच्या वर्षांत तू घरखर्चातून वाचवून पाठवायचीस ते पैसे याचसाठी लागत होते. ज्युनिअरला सिनिअरकडून जे मिळतं त्यात मुंबईत पास आणि डबा सुटतो, खोली सुटत नाही.

कोर्टात उभं राहून बोलणं हा या कामाचा छोटा भाग. बाकी सगळं वाचणं. कर्जाचा करार, त्याच्या पुरवण्या, ईमेल, खातेउतारे, ताळेबंद. बाबा, तुम्ही सोसायटीचे हिशेब घरी आणायचात आणि टिपा आधी वाचायला लावायचात, त्याचा इथं फार उपयोग होतो. कर्जवसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत करावा लागतो. पण मुदत संपायच्या आत कर्जदारानं लेखी कबुली दिली तर त्या तारखेपासून मुदत नव्यानं मोजतात, आणि ताळेबंदातली नोंद ही अशी कबुली ठरू शकते, असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलं. मात्र लेखापरीक्षकानं खाली बारीक टीप टाकली असेल, की ही रक्कम कंपनीला मान्य नाही, तर डाव फिरतो. शेकडो कोटी त्या टिपेवर लटकलेले असतात. नेमकं ते पान स्कॅन करताना तिरकं आलेलं असतं.

मी चेंबरमध्ये नवी होते तेव्हा सगळीकडे एनएसईएल या मालाच्या खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजची चर्चा असायची. ३१ जुलै २०१३ ला त्या एक्स्चेंजनं व्यवहार थांबवले आणि सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी अडकले. लोकांना सांगितलेलं असं, की आज माल घ्या, पंचवीस दिवसांनी तोच ठरलेल्या जास्त भावानं विका, माल गोदामात आहेच. हरिपूरच्या पेवातल्या, जमिनीखालच्या कोठारातल्या, हळदीची पावती खिशात आहे, पण पेव उघडल्यावर आत हळदच नाही, असा तो प्रकार निघाला. पुढं वाद असा झाला, की याला व्यापार म्हणायचं की ठेव. ठेव म्हटलं तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा लागतो आणि सरकारला मालमत्ता जप्त करता येते. तो लागतो, हे सुप्रीम कोर्टानं २०२२ च्या एप्रिलमध्ये ठरवलं. म्हणजे कुठला कायदा लागतो एवढं पक्कं व्हायलाच जवळजवळ नऊ वर्षं गेली.

आता तुमचं ते गणपतीतलं वाक्य. सगळ्यांसमोर म्हणालात, ‘आमची मुलगी घरांना कुलपं लावणाऱ्यांची वकील आहे.’ मी हसले, पण बोलले नाही. बाबा, मी बँकांकडून उभी राहते, हे खरं. साठ दिवसांची नोटीस आणि मग ताबा, त्या कायद्याखालची प्रकरणंही मी केली आहेत. कधी कर्जदाराकडून उभी राहते, कधी जामीनदाराकडून. त्यातली जामीनदाराची प्रकरणं मी तुमची आठवण ठेवूनच वाचते.

तुमच्या ऑफिसातल्या त्या गृहस्थांना तुम्ही जामीन राहिलात, नाव लिहीत नाही, आईला अजून राग येतो. त्यांनी हप्ते थांबवले, पतसंस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला आणला आणि तुमच्या पगारातून कापायला सुरुवात केली. तुम्ही तेव्हा सगळ्यांना एकच विचारत होतात, की कर्ज त्याचं, मग आधी त्याच्याकडून का घेत नाहीत? त्याचं उत्तर १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमात आहे. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. धनकोनं आधी कर्जदाराच्या मागं लागलं पाहिजे असं नाही. तसं म्हटलं तर जामीन घेण्यालाच अर्थ उरत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९६८ मध्येच सांगून टाकलंय. जे भरलं ते त्या गृहस्थांकडून वसूल करायचा हक्क मात्र तुम्हाला होता. तुम्ही गेला नाहीत, कारण त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ते मला कायद्यापेक्षा चांगलं समजतं.

तुमचा तोच प्रश्न मी इथं फार भारी इंग्रजीत ऐकते. कंपनीचा प्रवर्तक बँकेला शेकडो कोटींची वैयक्तिक हमी देतो, कंपनी बुडते, आणि मग त्याचे ज्येष्ठ वकील उभे राहून म्हणतात, आधी कंपनीकडून घ्या. २०१९ च्या डिसेंबरपासून अशा हमीदारांवरही दिवाळखोरी संहिता लागू झाली. ते सगळे सुप्रीम कोर्टात गेले आणि मे २०२१ मध्ये हरले. कंपनीची पुनर्रचना मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, असं कोर्टानं म्हटलं. अशा माणसासमोर मी बँकेच्या बाजूनं १२८ वाचते तेव्हा मला काही वाटत नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटतं. तुम्हाला एका दाखल्यावर गप्प बसवलं. त्याचं म्हणणं दिल्लीपर्यंत ऐकून घेतलं गेलं.

जड जातं ते दुसऱ्या वेळी, समोर शिक्षक किंवा क्लार्क जामीनदार असतो तेव्हा. जामीनदाराला कायद्यानं संरक्षण दिलेलं आहे: त्याला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारांपुरता तो सुटतो, बँकेनं तारण हातचं घालवलं तर तेवढ्यापुरता सुटतो. पण छापील फॉर्ममध्ये बारीक अक्षरात त्यानं हे सगळे हक्क आधीच सोडून दिलेले असतात. ते मला न्यायाधीशांना वाचून दाखवावं लागतं, कारण मी बँकेकडून आहे. दुसऱ्या महिन्यात जामीनदाराकडून असले की त्याच फॉर्ममध्ये फट शोधते. कधी सापडते.

म्हणून मी इथंच राहणार आहे. हा फॉर्म दोन्ही बाजूंनी पाठ झालेले लोक या चार-पाच इमारतींमध्येच आहेत, आणि मला त्यांच्यात बसायचंय. तुम्ही यावर रागवाल. रागवा, पण फोन आईला देऊ नका.

आता महत्त्वाचं. आई सांगत होती, विनूदादा तासगावला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज काढतोय आणि बँकेनं तुमची सही मागितली आहे. त्याचा धंदा चांगला आहे, मुलगा सरळ आहे, मला मान्य. ते गृहस्थही सरळच होते. नाही म्हणा, असं मी सांगत नाही, तुम्ही ऐकणार नाही. पण सहीआधी तीन गोष्टी बघायच्या. हमीची रक्कम आकड्यात लिहिलेली हवी, ‘सर्व देणी’ असं नको. ‘चालू हमी’ असेल तर पुढं तो जितक्यांदा कर्ज वाढवेल तितक्यांदा तुम्ही अडकाल. ती पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन थांबवता येते, पण फॉर्ममध्ये तीही वाट बंद केलेली असते का, ते मला बघायचंय. आणि राहतं घर गहाण ठेवायचं नाही. यावर चर्चा नाही. बँकेचा माणूस ‘फक्त औपचारिकता’ म्हणाला तर त्याला ते लिहून द्यायला सांगा.

कोऱ्या जागांवर सही करू नका. सगळ्या पानांचे फोटो विनूदादाच्या मुलीकडून मला पाठवा, मागच्या बाजूंसकट. सोमवारी माझं बोर्ड मोठं आहे, बरीच प्रकरणं लागली आहेत, मंगळवारी रात्री वाचून फोन करते. तोवर बँकेत जाऊ नका.

तुमची,
मनू