छत्तीस इंचांचा एक तुकडा

नाशिक,
११ जुलै

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. ‘कापडावर टाके घालून युद्धे थांबतात का?’ हा तुझा प्रश्न मी आमच्या महिला मंडळात वाचून दाखवला आणि त्यावर बराच वेळ बोलणे झाले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

युद्धाविरुद्ध कापडाचे तुकडे भरण्याच्या आमच्या उपक्रमाचे मूळ अमेरिकेत आहे. डेन्व्हरच्या जस्टिन मेरिट यांनी १९८२ साली लोकांपुढे एकच प्रश्न ठेवला होता : अणुयुद्धात कायमचे नष्ट होईल या कल्पनेनेच जीव कासावीस व्हावा, असे तुमच्यापाशी काय आहे? उत्तर १८ बाय ३६ इंचांच्या कापडावर द्यायचे होते. ४ ऑगस्ट १९८५ रोजी, हिरोशिमावरील बॉम्बहल्ल्याला ४० वर्षे पूर्ण होण्याच्या दोन दिवस आधी, असे हजारो तुकडे एकमेकांना बांधून लोकांनी वॉशिंग्टनजवळच्या पेंटागॉनला, म्हणजे तिथल्या संरक्षण मुख्यालयालाच, वेढा घातला. पट्टी सुमारे १५ मैल लांब भरली.

मला मोल वाटते ते त्या प्रश्नाचे. ‘युद्ध नको’ या वाक्याला सहसा कोणी हरकत घेत नाही, म्हणून ते बोलून विसरताही येते. पण आपल्याला नेमके काय गमवायचे नाही हे ठरवायला माणसाला स्वतःच्या घरात नीट पाहावे लागते, आणि भरतकाम हातावेगळे होईपर्यंत रोज त्याच विचारापाशी बसावे लागते. पिकासोने १९३७ साली स्पेनमधल्या गेर्निका गावावरच्या बॉम्बफेकीचे चित्र काढले, त्यापुढे आपण स्तब्ध होतो. मात्र ते एका प्रतिभावंताचे काम आहे. म्हणूनच १९९५ पासून निरनिराळ्या देशांतली मुले त्याच मापाच्या, ३.५ बाय ७.८ मीटरच्या कापडावर मिळून शांततेची चित्रे रंगवतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

देवळालीचा तोफखाना आपल्या इतका जवळ आहे की इथे हा विषय काढताना अवघडल्यासारखे होते. ‘याने सैनिकांचा अवमान होणार नाही ना?’ असे एकीने विचारलेही. त्यावर, ज्यांचे यजमान तोफखान्यातून निवृत्त झाले आहेत त्या ताई म्हणाल्या, ‘युद्ध नको असं घरी वाट बघणारीइतकं मनापासून कोण म्हणेल?’ त्यांनी कापडावर सीमेवरून येणारे एक पाकीट भरले आहे, वरच्या शिक्क्यासकट. येवल्याच्या विणकर घरातल्या एकीने पैठणीचा उरलेला काठ लावून सासऱ्यांचा हातमाग उभा केला. सत्तरी ओलांडलेल्या काकूंनी गोधडीच्या धावदोऱ्याने नुसती नातवाची पावले काढली, आणि त्या तुकड्यापुढे मी सर्वांत जास्त वेळ थांबले.

त्या वेढ्याने पेंटागॉनचे एकही शस्त्र कमी झाले नाही, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. पण ज्या हजारो घरांत तो तुकडा शिवला गेला, तिथे युद्धाची किंमत आपापल्या माणसांच्या नावाने मोजली गेली, आणि ज्यांनी ती एकदा अशी मोजली त्यांना युद्धाच्या जयजयकारात ओढणे सोपे नसते, असे मला ठामपणे वाटते.

६ ऑगस्टला आम्ही सगळे तुकडे जोडून शाळेच्या सभागृहात लावणार आहोत. तुझाही हवा. जुनी सुती साडी घे, चारही बाजूंनी अर्धा इंच जागा सोड, नाहीतर जोडताना शिवण चित्रावर येते, आणि महिनाअखेरीपर्यंत पोचेल असे टपालाने पाठव.

तुझी,
मालती